भाऊजींना टीबी झालाय, अँटिऑक्सिडंटचा डबा घेऊ का?

वाचकाचं पत्र

माझे धाकटे दीर २७ वर्षांचे आहेत, कुरियरचं काम करतात. दोन महिने खोकला होता, संध्याकाळी कणकण यायची, पँट कमरेवरून घसरायला लागली तेव्हा महापालिकेच्या दवाखान्यात नेलं. थुंकीच्या तपासणीत फुप्फुसाचा टीबी निघाला. गोळ्या सुरू होऊन तीन आठवडे झाले. उंची पाच फूट सहा इंच, वजन ४४ किलो. माझे मामेसासरे एका कंपनीची उत्पादनं विकतात. त्यांनी अँटिऑक्सिडंट कॅप्सूल आणि ज्यूसचा डबा सुचवलाय, महिन्याला ४,८०० रुपये, तीन महिने घ्यायचा. आधी 'अँटिऑक्सिडंट प्रोफाइल' नावाची रक्ततपासणी करा म्हणतात, ती ६,००० ची. त्यांच्या छापील कागदावर लिहिलंय की टीबीच्या पेशंटच्या रक्तात व्हिटॅमिन ए, सी, ई, झिंक, सेलेनियम कमी असतं. हे खोटं आहे का? सासूबाई रोज सकाळी गुळवेलीचा काढा देतात. अंडी उष्ण पडतात म्हणून देत नाहीत. भाऊजींना जेवण जात नाही, गोळ्यांनंतर मळमळतं. त्यांचं ताट-वाटी वेगळं ठेवलंय. घरात आम्ही पाच जण, माझी मुलगी चार वर्षांची. मिस्टरांचा पगार १९,०००. सरकारकडून पैसे मिळतात म्हणे, अजून आले नाहीत. कर्ज काढून डबा घ्यावा का?
– एक वहिनी, मानखुर्द

उत्तर

वहिनी,

आधी उत्तर देते, कारणं मागून. डबा घेऊ नका. ती रक्ततपासणी करू नका. काढा उद्या सकाळपासून बंद. अंडी सुरू करा. आणि दवाखान्याच्या गोळ्या एक दिवसही चुकवू नका.

आता तुमचा खरा प्रश्न. मामांच्या कागदावरचं खोटं आहे का? नाही, खोटं नाही. म्हणून तर तो कागद जास्त अवघड आहे. साफ थाप असती तर एका वाक्यात उडवून लावली असती. टीबीच्या रुग्णांच्या रक्तात व्हिटॅमिन ए, सी, ई, झिंक, सेलेनियम आणि ग्लुटाथायोन नावाचा शरीराने स्वतःच बनवलेला अँटिऑक्सिडंट कमी आढळतात, हे अनेक देशांतल्या अभ्यासांत दिसलंय. पेशींच्या चरबीची नासधूस झाली की जे पदार्थ रक्तात येतात, ते वाढलेले आढळतात हेही खरं. कागदावर हे इतकंच छापलेलं असतं. हे का होतं आणि त्यावर काय लागू पडतं, ते छापलेलं नसतं.

टीबीचा जंतू फुप्फुसात शिरला की आपल्या संरक्षक पेशी त्याला गिळतात आणि मारण्यासाठी प्राणवायूची अतिशय तिखट, अस्थिर रूपं तयार करतात. चाळीतल्या खोलीत ढेकणांसाठी धुरी केली की ढेकूण मरतात, पण घरच्यांचेही डोळे चुरचुरतात, तसला प्रकार. फुप्फुसाच्या स्वतःच्या पेशीही त्यात पोळतात. अँटिऑक्सिडंट हे पोळणं आवरतात आणि आवरता आवरता खर्ची पडतात. आजार दोन महिने चालला, माणूस जेवेनासा झाला, तर खर्च वाढला आणि आवक थांबली. आकडे खाली येणारच.

शिवाय काही आकडे खरी तूट नसतानाही खाली दिसतात. अंगात दाह असला की यकृत व्हिटॅमिन ए रक्तातून वाहून नेणारं प्रथिन कमी बनवतं, आणि झिंक रक्तातून स्वतःकडे ओढून घेतं. रक्तातल्या लोहाचंही तसंच. त्यामुळे ६,००० रुपयांच्या त्या तपासणीचा निकाल मी तुम्हाला इथे बसून फुकट सांगते: कमी येणार. आणि आला तरी भाऊजींच्या उपचारात काडीचा फरक पडणार नाही. त्या कागदाचा उपयोग फक्त पुढचा डबा विकायला.

मग जे कमी आहे ते कॅप्सूलमधून भरून काढलं तर? विचार सरळ आहे आणि तो बऱ्याच शास्त्रज्ञांनाही पडला होता. इंडोनेशियातल्या २००२ सालच्या एका अभ्यासात व्हिटॅमिन ए आणि झिंक जोडीने दिल्यावर रुग्णांची थुंकी लवकर जंतुमुक्त झाल्यासारखी दिसली. सगळ्यांच्या आशा उंचावल्या. पुढे इतर देशांत तेच करून पाहिलं तेव्हा तो फायदा टिकला नाही. २०१६ साली कॉक्रेन या संस्थेने तोवरच्या सगळ्या चाचण्या एकत्र चाळल्या. रोजच्या गरजेपेक्षा जास्त मात्रेत व्हिटॅमिनं-खनिजं दिल्याने मृत्यू कमी होतात किंवा जास्त लोक बरे होतात, असा पुरावा निघाला नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्येच सांगितलंय की टीबीच्या रुग्णाला ही सूक्ष्म पोषकं इतर माणसांइतकीच लागतात, ती शक्यतो जेवणातून द्या, आणि जेवण पुरत नसेल तर रोजच्या गरजेएवढ्या मात्रेची साधी गोळी द्या. साधी म्हणजे केमिस्टकडे मिळते ती साधी मल्टिव्हिटॅमिन, तीही डॉक्टरांना विचारून.

इथे एक गंमत सांगितल्याशिवाय राहवत नाही. अशा कागदांवर हमखास एक ओळ असते की व्हिटॅमिन सी टीबीचा जंतू मारतं. २०१३ साली न्यूयॉर्कच्या आल्बर्ट आईन्स्टाईन वैद्यकीय महाविद्यालयातल्या संशोधकांना काचेच्या भांड्यात तसं खरंच दिसलं होतं. पण का? तिथे व्हिटॅमिन सीने लोहाच्या साथीने तीच तिखट, पोळणारी द्रव्यं तयार केली आणि त्यांनी जंतू मेला. म्हणजे ज्याचा पराक्रम सांगून अँटिऑक्सिडंट विकतात, तो त्याने अँटिऑक्सिडंटच्या बरोबर उलट वागून गाजवला होता. आणि काचेचं भांडं म्हणजे माणूस नव्हे, हे वेगळं सांगायला नको.

उपयोग नसला तरी अपाय तरी काय, असं मामा म्हणतील. अपाय आहे. डब्यात नक्की काय आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही, पण अशा कॅप्सूलमध्ये बीटा कॅरोटीन, व्हिटॅमिन ई, ग्रीन टीचा अर्क, हळदीचा अर्क हे नेहमीचे यशस्वी कलाकार. फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर मोठी चाचणी झाली होती, तिचे निष्कर्ष १९९४ साली आले. फुप्फुसाचा कॅन्सर टळावा म्हणून बीटा कॅरोटीन दिलं, तर ते घेणाऱ्यांमध्ये कॅन्सर १८ टक्क्यांनी जास्त निघाला. गाजरातलं बीटा कॅरोटीन आणि कॅप्सूलमधलं बीटा कॅरोटीन शरीरात सारखं वागत नाही, हे तेव्हापासून लोकांना नीट कळलं. भाऊजी सिगारेट ओढतात का, तुम्ही लिहिलेलं नाही. ओढत असतील तर डब्याआधी ती सुटायला हवी. सगळ्यात स्वस्त अँटिऑक्सिडंट उपाय तोच, उलट पैसे वाचतात.

ग्रीन टी आणि हळदीचे तीव्र अर्क यकृताला त्रास देऊ शकतात. (पोह्यातल्या चिमूटभर हळदीबद्दल मी बोलत नाहीये, ती खुशाल घाला.) आणि भाऊजींचं यकृत सध्या आधीच कामात आहे. टीबीच्या चार औषधांपैकी आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन आणि पायराझिनामाइड ही तिन्ही यकृतावर भार टाकतात. त्यात तुमच्या घरी गुळवेल.

सासूबाईंना हे पटवणं तुम्हाला जड जाणार, म्हणून नीट सांगते. कोविडच्या काळात मुंबईत घरोघरी गुळवेलीचे काढे उकळले. २०२१ साली मुंबईतल्याच यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांना यकृताची इजा झाल्याचं प्रसिद्ध केलं. आयुष मंत्रालयाने आक्षेप घेतला की वनस्पती चुकीची ओळखली गेली असावी. पुढच्या वर्षी देशातल्या १३ केंद्रांनी मिळून असे ४३ रुग्ण नोंदवले. गुळवेल प्रत्येकाला बाधते असं कुणीच म्हणत नाही. पण उद्या भाऊजींचे डोळे पिवळे झाले तर ते गोळ्यांनी झाले की काढ्याने, हे डॉक्टरांना कळणार नाही, आणि बंद करावी लागतील ती गोळ्याच. सासूबाईंना एवढंच सांगा: सहा महिने, फक्त औषध संपेपर्यंत. काढ्याच्या वेळेला दूध द्या. त्यांना काहीतरी करायचंय, मुलगा डोळ्यांसमोर वाळतोय. त्यांच्या हातातलं भांडं काढून घेऊ नका, त्यातला पदार्थ बदला.

आता खायचं. ४४ किलो हा आकडा वाचून मला डब्यापेक्षा त्याचीच काळजी वाटली. पाच फूट सहा इंच उंचीला निदान ५२ किलो तरी हवेत. भाऊजींचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, १५.६ च्या आसपास येतो, आणि १६ च्या खाली म्हणजे कुपोषण तीव्र. दवाखान्यात हा आकडा त्यांच्या कार्डावर लिहिलाय का बघा, नसेल तर लिहायला सांगा. पायांवर सूज, धाप लागणं, आधाराशिवाय उभं न राहता येणं, यातलं काही असेल तर घरी खाऊ घालत बसू नका, दाखल करा.

खाण्याने काय होतं, याचं उत्तर आपल्याच देशातून आलंय. झारखंडमध्ये २०१९ ते २०२२ या काळात २,८०० फुप्फुसाच्या टीबीचे रुग्ण आणि त्यांच्या घरातली १०,३४५ माणसं घेऊन 'रेशन्स' नावाचा मोठा अभ्यास झाला. डॉ. अनुराग भार्गव आणि डॉ. माधवी भार्गव यांनी तो केला, २०२३ मध्ये तो लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला. रुग्णांना महिन्याचा शिधा दिला, त्यातून दिवसाला सुमारे १,२०० कॅलरी आणि ५२ ग्रॅम प्रथिनं जास्तीची मिळत होती. तांदूळ, चण्याचं सत्तू, दूध पावडर, तेल. सोबत व्हिटॅमिनची साधी गोळी, रोजच्या गरजेएवढीच. पहिल्या दोन महिन्यांत ज्यांचं वजन पाच टक्क्यांनी वाढलं, त्यांच्यात मृत्यूचा धोका ६१ टक्क्यांनी कमी आढळला. भाऊजींच्या बाबतीत पाच टक्के म्हणजे सव्वादोन किलोही नाही. दोन महिने पूर्ण होतील तेव्हा काटा ४६ च्या पुढे गेलेला असावा, हे तुमचं पहिलं लक्ष्य. रक्तातलं सेलेनियम मोजण्यापेक्षा दर रविवारी वजन करा. त्याच काट्यावर, साधारण त्याच कपड्यांत.

मात्र याची दुसरी बाजूही सांगते, कारण कुणीतरी तुम्हाला सांगेल की गोळ्या कशाला, खाऊन-पिऊन टीबी बरा होतो. औषधं नव्हती तेव्हा सॅनेटोरियममध्ये दूध-अंडी, विश्रांती आणि स्वच्छ हवा हाच उपचार होता, आणि तरीही माणसं जात. १९५९ साली मद्रासच्या अभ्यासात दाखवलं गेलं की गरीब वस्तीत, हलक्या आहारावर घरीच राहून नीट औषध घेणारे रुग्णही सॅनेटोरियममधल्या खात्यापित्या रुग्णांच्या बरोबरीने बरे झाले. जंतू मारतं ते औषध. माणूस उभा करतं ते जेवण. आणि मघाचे ते अँटिऑक्सिडंटचे खाली गेलेले आकडे? औषधाने दाह उतरला आणि पोटात अन्न जाऊ लागलं की ते बरेचसे आपले आपण वर येतात.

किती खायला हवं? वजन ५५ किलो व्हावं असं धरलं तर किलोमागे ४० कॅलरी या हिशेबाने रोज २,२०० च्या आसपास, आणि प्रथिनं ६६ ते ८२ ग्रॅम. भाऊजी आत्ता यातलं निम्मं तरी खातात का, मला शंका आहे. म्हणून एकदम ताट भरू नका. फार वाळलेल्या शरीरावर अचानक जेवणाचा मारा केला तर रक्तातले क्षार बिघडतात. आठवडाभरात थोडं थोडं वाढवत न्या.

घरच्या जेवणावर वरकड म्हणून हे बघा: तीन अंडी, अर्धा लिटर दूध, ७५ ग्रॅम शेंगदाणे, मूठ-दीड मूठ फुटाणे. यात ६० ग्रॅमच्या वर प्रथिनं आणि हजाराहून जास्त कॅलरी आल्या, म्हणजे झारखंडच्या शिध्याच्या जवळपास. सोबत एक पेरू. आजच्या भावाने हे सगळं दिवसाला शंभर रुपयांच्या आतबाहेर बसतं. मामांचा डबा दिवसाला १६० रुपयांचा आहे. उरलेल्या साठ रुपयांत घरातल्या बाकीच्यांसाठी डाळ येते.

पेरूबद्दल थोडं बोलू द्या, कारण टीबीच्या माणसाला भेटायला येणारे हल्ली किवी आणि ड्रॅगन फ्रूट घेऊन येतात. पुरुषाला दिवसाला ८० मिलिग्रॅम व्हिटॅमिन सी पुरतं. शंभर ग्रॅम पेरूत त्याच्या दुपटीहून जास्त असतं. किवीत पेरूच्या निम्मंही नसतं, आणि ड्रॅगन फ्रूट दिसायला छान. स्टेशनबाहेर टोपलीत मिळणारा पेरू, हंगामात आवळा, डाळीवर पिळलेलं लिंबू. व्हिटॅमिन एसाठी पपई, गाजर, लाल माठ, शेवग्याचा पाला; पालेभाजी तेलाच्या फोडणीत केली तर ते अंगी लागतं. व्हिटॅमिन ई शेंगदाण्यात आहे. झिंक अंडी, डाळी, तिळात. तुमच्या मामांचं अख्खं पत्रक मानखुर्दच्या बाजारात मिळतं. दुकानदार त्याला भाजी म्हणतो एवढंच.

अंडी उष्ण पडतात, हे सासूबाईंचं म्हणणं. वाद घालू नका. भाऊजींना अंगात ताप आहे तो जंतूचा, अंड्याचा नाही, हे दवाखान्यातल्या सिस्टरच्या तोंडून वदवून घ्या. आपल्याकडे सुनेच्या शब्दापेक्षा पांढऱ्या कोटाच्या शब्दाला वजन असतं, त्याचा फायदा घ्यावा. घरात अंडं चालतच नसेल तर सोयाबीनच्या वड्या, मटकीची उसळ, पिठलं आणि जास्तीचं दूध. मासे चालत असतील तर उत्तम. बोंबील, मांदेली, जवळा यांत प्रथिनं भरपूर आणि खिशाला परवडतात. फक्त एक काळजी. आयसोनियाझिड चालू असताना शिळा बांगडा किंवा कुपा खाल्ला तर चेहरा लाल होणं, डोकं ठणकणं, छाती धडधडणं असा त्रास होऊ शकतो. मासा नीट थंड ठेवला नाही की त्यात हिस्टामिन तयार होतं आणि या औषधामुळे शरीराला ते मोडता येत नाही. ताजा असेल तरच आणा, संध्याकाळी उरलेला स्वस्तात मिळतो तो नको.

जेवण जात नाही, मळमळतं, हा सगळ्यात नेटाचा भाग. या गोळ्या रिकाम्या पोटी जास्त चांगल्या लागू पडतात, अन्नाबरोबर रिफाम्पिसिन कमी शोषलं जातं. पण उलटीच होत असेल तर थोडं खाऊन पोटात टिकलेली गोळी बरी. ही वेळ दवाखान्यात विचारून ठरवा, रात्री झोपताना घेऊनही काहींचं भागतं. मळमळीवर ॲसिडिटीचं पातळ औषध स्वतःच्या मनाने देऊ नका, त्यातल्या काहींमुळे आयसोनियाझिड नीट शोषलं जात नाही. जेवण तीन वेळांऐवजी सहा वेळा करा, छोटं छोटं. नाचणीच्या सत्त्वात दूध आणि चमचाभर तूप, मऊ भातावर घट्ट वरण, शेंगदाण्याचं कूट घातलेली कोशिंबीर, राजगिऱ्याचा लाडू खिशात. पाणी आणि चहा जेवणाआधी नको, त्यानेच पोट भरतं. पातळ सूप आजाऱ्याला चांगलं असा समज आहे. ते बहुतेक पाणी असतं. गोड वाढवण्याआधी त्यांची साखर तपासली आहे ना, बघा. टीबीच्या प्रत्येक रुग्णाची मधुमेह आणि एचआयव्हीची तपासणी दवाखान्यात मोफत होते.

लघवी केशरी होईल, घाबरू नका, तो रिफाम्पिसिनचा रंग. पण डोळे पिवळे दिसले, उलट्या थांबेनात, भूक आणखी मेली, पोटात उजवीकडे दुखू लागलं, तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता त्याच दिवशी दवाखाना. हातापायांना मुंग्या आल्या तर तेही सांगा, आयसोनियाझिडने व्हिटॅमिन बी-६ कमी होतं. ती छोटी गोळी दवाखान्यातून मिळते, मिळत नसेल तर मागा. एवढं एक व्हिटॅमिन मात्र त्यांना खरंच वेगळं लागतं. आणि वजन वाढू लागलं की गोळ्यांची संख्या तपासून घ्या, मात्रा वजनावर ठरते.

पैशांचं. टीबीच्या रुग्णांसाठी असलेल्या सरकारच्या निक्षय पोषण योजनेत नोव्हेंबर २०२४ पासून महिन्याला १,००० रुपये मिळतात, आधी ५०० होते. सहा महिन्यांचे ३,०००-३,००० अशा दोन हप्त्यांत रुग्णाच्या खात्यात येतात, पहिला हप्ता उपचाराच्या सुरुवातीलाच. अडतं ते बहुधा खात्याच्या तपशिलावर: नाव जुळत नाही, आधार जोडलेलं नाही, खातं बंद पडलंय. पासबुक घेऊन दवाखान्यातल्या टीबी हेल्थ व्हिजिटरला भेटा आणि भाऊजींच्या निक्षय क्रमांकावर खातं नोंदलंय का ते स्क्रीनवर बघून या. १८००-११-६६६६ ही हेल्पलाइन मोफत आहे. तिथेच निक्षय मित्रांकडून, म्हणजे टीबीच्या रुग्णांना मदत करणाऱ्या दात्यांकडून, मिळणाऱ्या शिध्याच्या पिशवीसाठी नाव द्या. आणि इतक्या कमी बीएमआयच्या रुग्णाला सुरुवातीच्या दोन महिन्यांसाठी जास्तीचा पोषक आहार देण्याची तरतूद आहे, ती विचारा. मागायला लाजू नका, हा तुमचा हक्काचा पैसा आहे.

ताट-वाटी एक करा. टीबी हवेतून पसरतो, खोकल्यातून. ताटातून, वाटीतून, एका पंगतीत जेवल्याने नाही. वेगळं ताट दिसलं की माणसाचा घास आणखी लहान होतो. औषध नीट चालू असलं की संसर्ग काही आठवड्यांत झपाट्याने घटतो. तोवर खोकताना तोंडावर रुमाल, आणि खिडकी उघडी. तुमच्या भागात हे सांगणं सोपं, करणं अवघड, याची मला कल्पना आहे. लल्लूभाई कंपाउंड आणि नटवर पारेख कंपाउंडमधल्या पुनर्वसनाच्या इमारतींचा अभ्यास झाला होता. भिंतीला भिंत लागलेल्या, ऊन-वारा न येणाऱ्या खालच्या मजल्यांवर टीबी जास्त, आणि जिथे इमारतींत अंतर राखलंय तिथे कमी. तो दोष तुमच्या घरकामाचा नाही, नकाशा काढणाऱ्याचा आहे. भाऊजींची झोपायची जागा खिडकीजवळ करा, दिवसा दार उघडं ठेवा.

तुमचं स्वतःचं वजन किती, वहिनी? पत्रात भाऊजींचं आलं, तुमचं नाही. झारखंडच्या त्या अभ्यासातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा भाग रुग्णांचा नव्हताच, घरच्यांचा होता. काही घरांत बाकीच्या माणसांनाही माणशी तांदूळ आणि तूरडाळ दिली. त्या घरांमध्ये नव्याने टीबी होण्याचं प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी राहिलं, आणि थुंकीत जंतू सापडणारा फुप्फुसाचा टीबी ४८ टक्क्यांनी. जादूचं काही नाही, तांदूळ आणि डाळ. म्हणून भाऊजींची अंडी तुमच्या ताटातून जाता कामा नयेत. सगळ्यांचं वाढून झाल्यावर पातेल्यात उरेल ते मी खाते, हा हिशेब आजारी माणूस घरात असताना परवडणारा नाही. रोज एक मूठ शेंगदाणे तुमच्या नावाचे, कुणाला न विचारता.

मामांना काय सांगायचं? नाती तोडू नका. डॉक्टरांनी टीबीच्या गोळ्यांबरोबर दुसरं काहीही द्यायला मनाई केलीय, असं सांगा. फोनवर डब्याच्या मागच्या लेबलचा फोटो मागवून डॉक्टरांना दाखवा म्हणजे हे खोटंही ठरणार नाही. तरी मामा ऐकेनात, तर म्हणा, प्रेमापोटीच द्यायचंय ना, मग महिन्याला तीन ट्रे अंडी पाठवा. एखाद दुसरा डबा घरात आलेला असेल आणि सील तोडलेलं नसेल, तर आजच परत करा.

आणि मुलगी. चार वर्षांच्या लेकरासाठी हे सगळ्यात निकडीचं आहे. घरात फुप्फुसाचा टीबी निघाला की घरातल्या प्रत्येकाची तपासणी व्हायला हवी, आणि आजार नाही असं ठरलं की प्रतिबंधक औषध मिळतं, तेही मोफत. पाच वर्षांखालच्या मुलांना तर ते टाळूच नये. दवाखान्यातून कुणी घरी आलं नसेल, तर कुणाची वाट बघू नका. या आठवड्यात तिला घेऊन जा, आणि तिचंही वजन कार्डावर लिहून घ्या.